धक्क्याला बांधलेली होडी

रविवारी दुपारी लेक टीव्हीवर शिकारीचा आणि मासेमारीचा खेळ खेळत बसली होती. पडद्यावर कुठल्यातरी थंड मुलखातला समुद्र चमकत होता, मासे उसळ्या घेत होते, आणि हिची होडी मात्र धक्क्याला बांधलेली. ही आपली रानात सशांमागे हिंडतेय.

मला राहवेना. "अगं, मासे बघ केवढे! होडी काढ की."

नजर न हलवता ती म्हणाली, "बाबा, नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून."

आम्ही कोळी. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच बाहेर काढायच्या. मी नोकरीसाठी पुण्याला आलो आणि ते सगळं मागे राहिलं. पोर इथेच, तिसऱ्या मजल्यावर वाढली. त्या खेळातल्या माशांना ना पावसाळा, ना अंडी. पण खेळणारी कोळ्याची आहे ना! माझी छाती अशी फुलली, की विचारू नका.

दरवर्षी पौर्णिमेसाठी मी गावी एक नारळ पाठवतो. यंदा दोन आणले. दुसरा पौर्णिमेच्या दिवशी टीव्हीपुढे ठेवला आणि लेकीला म्हटलं, "हं, काढ आता होडी."