भिंतीपलीकडची फायनल

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो, ते फुटबॉलची फायनल बघायला. माझ्या साडूंचे वडील, आण्णा, दर वेळी फोनवर म्हणायचे, "पावणं (पाहुणे), टीव्हीवर काय बघतायसा? हितं येऊन मैदानात बसा की!" यंदा आलो, तर आण्णाच टीव्हीसमोर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पायऱ्या चढायला डॉक्टरांची बंदी.

साडू जागा धरायला कधीच गेले होते. मीही जाऊ शकलो असतो, पण आण्णांना सोडून जाणं बरं दिसेना. खरं सांगतो, मनातून चरफडलो. एवढा प्रवास करून टीव्हीच बघायचा!

पूर्वी फायनलच्या दिवशी पेठेत लवकर जेवणं उरकायची आणि गल्ल्या ओस पडायच्या. आता मॅच घरबसल्या थेट दिसते, म्हणून माझ्या मेहुणीने, सरिताने, तांबडा-पांढरा रस्सा टीव्हीसमोरच वाढला. तांबड्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं.

"दाजी, पांढरा घ्या," ती हसत म्हणाली, "तांबडा तुमचं काम न्हाय."

मैदान दोन गल्ल्या पलीकडे. गंमत अशी, की गोल आधी खिडकीतून ऐकू यायचा आणि अर्ध्या मिनिटाने पडद्यावर व्हायचा. आण्णांच्या पेठेची माणसं मैदानाच्या अलीकडच्या बाजूला बसतात, विरोधी पेठेची पलीकडे. जवळून आरोळी आली की गोल आपला, लांबून आली की त्यांचा. सगळी मजाच जाते म्हणून मी खिडकी लावायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले. "तेवढंच मैदान उरलंय मला."

बरोबरी झाली. टायब्रेकर लागला. शेवटची किक शेजारच्या गल्लीतल्या विजूची, चुकली की चषक गेला. या विजूला पहिले बूट आण्णांनीच घेऊन दिलेले.

पडद्यावर विजू बॉल ठेवत होता, तेवढ्यात आरोळी आली. लांबून.

सरिताने रिमोट उचलला. "आण्णा, बंद करू?"

"थांब गं. त्यानं अजून मारलाय कुठं?" आण्णा खुर्चीत पुढे सरकले. "मार विज्या! मार!"

निकाल तिघांनाही कळला होता. तरी मीही ओरडलो. बॉल खांबाला लागून बाहेर गेला.

आण्णा काठी टेकत उठले. "हरल्यावर पोरांच्या पाठीवर हात ठेवाय मी गेटवर असतोय. आज कोण हाय?"

आम्ही दारात खुर्ची मांडून दिली. तासाभराने विजू बूट हातात घेऊन, मान खाली घालून दारावरून घरी निघाला होता.

"विज्या, हिकडं ये. जेवलास काय?"

दाढीमिशी फुटलेला तो गडी पायरीवर बसून ढसाढसा रडला. आण्णांनी पाठीवर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही. सरिता रस्सा गरम करायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी नाशिकला पोचलो. मैदान काही पाहिलंच नाही, पण त्याची रुखरुखही उरली नव्हती. बायकोने दारातच विचारलं, "काय, कोण जिंकलं?"

मी म्हटलं, "आपण हरलो."