घुग्घुसच्या गॅरेजातला आल्बम

गॅरेजात डब्यात नट-बोल्ट साचतेत ना, तशाच गोठी साचतेत. एक काढाले हात घातला का पाच निंघतेत. घुग्घुसले इरफानच्या गॅरेजात मी वेल्डिंग करतो. तिथंच या तिघाईनं नऊ पंक गाण्याचा आल्बम केला. इरफान गिटार वाजवते, कोळशाच्या ट्रकावरचा ड्रायव्हर प्रल्हाद ड्रम बडवते, आन दवाखान्यातली नर्स सुनी गाते. गाते म्हंजे वरडते.

मी इचारलो, "इरफान, हे पंक म्हंजे काय बे?"

"शिकल्याबिगर वाजवाचं, बंडूभाऊ. जोरात आन दिलसे."

"मंग माझं वेल्डिंग बी पंकच हाये."

"म्हनून तं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी वापस येते."

*

प्रल्हादनं नवा ड्रम आनला. मले राहवते कुठी? मी म्हनलो, "नवा ट्रक पह्यले हळूहळू चालवतो ना तू? ड्रमचं बी तसंच राह्यते. चामडं बसू दे."

आठ दिवस त्यानं बोटानंच टिचक्या मारल्या. इरफान कावला. "अबे, आवाज काऊन नाई येऊन राह्यला?"

प्रल्हाद म्हने, "पह्यली सर्व्हिसिंग तं होऊ दे."

*

एक मास्तर कार घेऊन आले. म्हने, इंजिनातून खडखड आवाज येते. आत हे तिघं सुरू होते. मास्तरनं दारात उभं राहून अर्धं गाणं ऐकलं, मंग गाडीत जाऊन बसले.

मी म्हनलो, "काहो मास्तर, दाखवत नाई का गाडी?"

"नाई भाऊ. माझी बरी हाये."

*

आता सुनीच्या बापाची गोठ. बाबूराव. खाणीत जलम काढला, आन ब्लास्टिंगच्या आवाजात कान तिथंच ठेवून आला. मशीन लावत नाई, म्हने कानात खाजवते. पह्यले भजनात पेटी वाजवे, कोनी सूर सोडला का तिथंच थांबवे. सुनीले एकच हौस, आपलं गाणं बाबानं ऐकावं. पोट्टी एवढी वरडते ते त्याच्याचसाठी.

एक दिवस तिनं बापाले गॅरेजात आनून बसवलं. बाबूराव मान हालवून म्हने, "मस्त झालं, मस्त झालं."

प्रल्हादनं अजून काड्याबी उचलल्या नव्हत्या.

सुनी पान्याचा डबा लाथाडून ड्युटीवर गेली.

*

आमच्या इकडं दुपारी खाणीत ब्लास्टिंग होते. तेवढा टाइम रेकॉर्डिंग बंद ठेवाचं, असं ठरलं होतं. सातव्या गाण्याच्या वक्ती तिघंबी घड्याळ इसरले. धडाम! टिनं हालले, भिंतीवरचे पाने खाली पडले.

इरफाननं पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हने, "नाई काढत. अख्ख्या गाण्यात तालात एकटा तोच हाये."

*

आल्बम झाला, पन सुनीचं तोंड उतरलेलंच. मले तं खोड्याशिवाय दुसरं काई जमत नाई. म्हनलो, एक खोडी बाबूरावसंग करून पाहू.

आइलचा रिकामा टिप, लोखंडी पिंपच तो, आडवा केला, त्यात इरफानचा मोठा स्पीकर घुसवला, आन बाबूरावले वर बसवलं. हातवारे करून म्हनलो, "बसा भाऊ, चहा मांडला हाये." इरफानले डोळा मारला.

पह्यलं गाणं लागलं तसा टिप थरथरला. बाबूराव दचकला, उठाले गेला, मंग बसला. दोन्ही हात टिपावर टेकवले. डोळे मिटले. चहा आला, त्यानं घेतला नाई. सुनी समोर उभी, नर्सच्या कपड्यातच, ओढणीचं टोक दातात धरून. दुसरं झालं, तिसरं झालं. सातव्यातला धडाम आला तवा म्हातारा गालात हासला.

नववं संपलं.

बाबूरावनं डोळे उघडले आन पोरीकडं पाहून कपाळावर आठ्या पाडल्या. म्हने, "तिसऱ्यात सूर सोडला तू. भजनात असती तं उठवली असती."

सुनी खाली बसली, त्याच्या गुडघ्याशी. त्याच्या हातावर हात ठेवून वरडली, "बाबा, पुन्हा म्हना."