कटकच्या डॉक्टरांची चिठ्ठी

हिंजवडीत मी फार्मासिस्ट म्हणून लागले तेव्हा दुकानाच्या मागे अजून भाताची खाचरं होती आणि समोर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मालक त्या गावचेच शेतकरी. जमीन कंपन्यांकडे गेल्यावर त्यांच्या एका भावानं पाण्याचे टँकर घेतले, दुसऱ्यानं मुलांचं हॉस्टेल बांधलं, आणि यांनी रस्त्याला लागून गाळा काढून मेडिकल टाकलं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. औषधातलं आपल्याला काही कळत नाही हे ते कुणालाही मोकळेपणानं सांगायचे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "गोळ्यांचं तुमी बघा, मॅडम. माणसांचं मी बघतो."

मी अकोल्याची. कर्वेनगरात एक खोली भाड्यानं घेतली होती. "काकू, मी आत्ता येऊन राहिले," असं जिन्यातून ओरडून सांगितलं की घरमालकीणबाई वरून म्हणायच्या, "एक काय ते ठरव. येतेस की राहतेस?" त्यांच्या बोलण्याची मला हळूहळू सवय झाली. दुकानात मात्र माझ्या बोलीला कुणी हसायचं नाही, कारण तिथं येणारं प्रत्येक माणूसच कुठून तरी आलेलं असायचं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर बॅग आणि हातात हैदराबादच्या, कानपूरच्या, कोचीनच्या डॉक्टरची चिठ्ठी. मी तारीख बघायची, सही बघायची, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक बघायची आणि औषध द्यायची. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग चौकातल्या एका मेडिकलला सील लागलं. त्यानं झोपेच्या गोळ्या खोट्या चिठ्ठीवर विकल्या होत्या. चिठ्ठीवर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा डॉक्टरचं नाव होतं. त्यावरच्या फोन नंबरवर दुकानदारानं चौकशीसुद्धा केली होती म्हणे, पण तो नंबर चिठ्ठी आणणाऱ्याच्या मित्राचा निघाला. गोळ्या घेणारी टोळी पकडली गेली आणि दुकानदाराचं लायसन गेलं. गावात दुसरा विषय नव्हता. आसपासच्या मेडिकलवाल्यांनी चहाच्या टपरीवर बसून ठरवलं की यापुढे बाहेरच्या राज्यातली चिठ्ठी घ्यायचीच नाही. आठवडाभरात सगळे तसा सरकारी नियमच असल्यासारखं बोलायला लागले. अण्णांनी रंगाऱ्याकडून पाटी करून आणली आणि काउंटरच्या वर लावली: परराज्यातील डॉक्टरांची चिठ्ठी चालणार नाही.

"अण्णा, असा कायदा नाही," मी म्हणाले.

"नसंल. पन सील तर हाय ना? ते बघून आलोय मी."

त्यांचंही चुकत नव्हतं. घरातल्या शेवटच्या विकलेल्या जमिनीच्या तुकड्याचे पैसे त्या दुकानात होते आणि भाऊबंद वाटच बघत होते, याचं कधी बुडतंय याची. थोडे दिवस जाऊ देत, माणसं विसरतील, असं मनाशी म्हटलं.

पाटी लावून फार दिवस झाले नव्हते. दुपार कलली होती, कंपन्यांच्या बसेस अजून सुटल्या नव्हत्या, दुकानात गर्दी नव्हती. एक मुलगी आत आली. पंचविशीच्या आसपासची, सडपातळ, कपाळावर घाम. तिनं पाटीकडे बघितलंही नाही. तिला मराठी वाचता येत नव्हतं. घडी घातलेला कागद काउंटरवर ठेवून ती हिंदीत म्हणाली, "दीदी, ही गोळी आहे का?"

कागद ओरिसातल्या कटकच्या एका हॉस्पिटलचा होता. वर ओडिया अक्षरं, खाली इंग्रजीत औषध. फिटची गोळी. जुनी, स्वस्त, आणि नेमकी झोपेच्या गोळ्यांच्याच वर्गात मोडणारी. माझ्या मागच्या कपाटात ती कुलपात होती.

मी काही बोलायच्या आत अण्णांनी पाटीकडे बोट केलं. "बाहरका नहीं चलता, बेटा. इधरके डॉक्टरका लेके आव."

ती रडली नाही, चिडलीही नाही. हे वाक्य तिनं सकाळपासून बऱ्याच दुकानांत ऐकलं होतं. तिनं एकेक गोष्ट सांगितली, अगदी हळू, जणू जोरात बोललं तर आत काहीतरी हलेल. गोळ्या घरून पार्सलनं यायच्या, या वेळी तिकडे पूर आला आणि पार्सल अडकलं. परवा शेवटची गोळी संपली. इथल्या एका दवाखान्यात गेली, तर डॉक्टर म्हणाले की हे औषध मी लिहीत नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

"मग हॉस्पिटलात जा ना," अण्णा म्हणाले. आवाज मात्र थोडा खाली आला होता.

"गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात गेले होते. त्यांनी दुसरी गोळी दिली. अंगाची साल निघाली होती माझी." तिनं बाही वर केली. कोपराजवळ जुने, फिकट डाग होते. कागदावर खाली लाल शाईत डॉक्टरांनी ते लिहिलंही होतं: अमुक गोळी या रुग्णाला कधीही देऊ नये.

मग तिनं आपला डावा हात उचलून माझ्यासमोर धरला. अंगठा आपोआप झटके देत होता. थांबायचा, पुन्हा उडायचा.

"असंच सुरू होतं," ती म्हणाली. "आधी अंगठा. मग हात. मग मला काही आठवत नाही."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की फिटचं औषध एकदम बंद झालं तर फिट येते, आणि एकामागून एक येत राहिली तर माणूस हातचा जातो. परीक्षेत त्यावर मी पानभर लिहिलंही होतं. आता ते सगळं त्या एका अंगठ्यात दिसत होतं. मी काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि पाठ भिंतीला टेकवायला सांगितलं.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "नगं. ह्यात पडू नगा."

"मी अजून काही दिलेलं नाही, अण्णा. फोन करते."

फोनचा नंबर कागदावर होता. पण चौकातलं दुकान चिठ्ठीवरच्या नंबराच्या भरवशावरच फसलं होतं. मुलगी खोटं बोलत नव्हती असं माझं मन सांगत होतं. पण त्या दुकानदाराचं मनही त्याला तसंच सांगत असणार. अंगठा उडवून दाखवणं काही अवघड नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि त्याच वेळी त्याची लाजही वाटली. मी कागद उलटा ठेवला आणि टेलिफोन खात्याच्या चौकशीला फोन लावून कटकच्या त्या हॉस्पिटलचा नंबर मागितला. खूप वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. शेवटी बाईंनी नंबर सांगितला. कागदावरच्या नंबराशी तो जुळत नव्हता.

माझा चेहरा अण्णांनी वाचला. "बघा," एवढंच ते म्हणाले.

मी तो दुसरा नंबर लावला. कुणीतरी ओडियात बोललं. मी हिंदीत डॉक्टरांचं नाव सांगितलं, त्यानं काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मुलगी स्टुलावरून हात पुढे करत होती, मी बोलते म्हणून, पण मला तिला रिसीव्हर द्यायचा नव्हता. "डॉक्टर, डॉक्टर," मी नुसतं म्हणत राहिले. लाइन तुटली. पुन्हा लावला. या वेळी एका बाईंना इंग्रजी येत होतं. त्या म्हणाल्या, हे तर हॉस्पिटलचं ऑफिस. डॉक्टर त्यांच्या विभागात आहेत, तिथला नंबर वेगळा, जोडून देते. त्यांनी जोडताना जो नंबर मोठ्यानं उच्चारला तो कागदावरचा होता.

डॉक्टर फोनवर आले. आवाज वयस्कर आणि दमलेला. मी माझी ओळख सांगितली आणि तुमच्या एका रुग्णाचा कागद माझ्याकडे आहे, एवढंच म्हणाले. मुलीचं नाव सांगितलं, बाकी काही नाही. "तिला कोणतं औषध चालत नाही, सर?"

त्यांनी क्षणही न घेता लाल शाईतल्या गोळीचं नाव सांगितलं. मग तेच घाईनं म्हणाले, "ती आहे का तिथे? उभी आहे की बसलेली? अंगठा उडतोय का?"

मी मागे वळून पाहिलं. आता मनगटही हलत होतं.

"तुमच्याकडचे नियम मला माहीत नाहीत," डॉक्टर म्हणाले, "पण तिला आज, आत्ता गोळी मिळायला हवी."

मी फोन ठेवला आणि किल्ली घेतली. अण्णा कपाटासमोर उभे होते. अडवायला म्हणून नव्हे बहुतेक, पण उभे होते.

"दुकान माझं हाय, मॅडम."

"दुकान तुमचं आहे, अण्णा. पण आत औषध देणारी मी आहे. तिला इथं काही झालं तर मी काय सांगू? गोळी कपाटात होती म्हणून?"

ते बाजूला झाले, पायऱ्या उतरले आणि रस्त्याकडे तोंड करून पाठमोरे उभे राहिले. मी पुढच्या आठवड्यापर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या मोजल्या. कागदावर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकली, म्हणजे तोच कागद दुसरीकडे पुन्हा चालणार नाही, आणि त्याची एक प्रत दुकानात ठेवून घेतली. पाण्याचा पेला तिच्या हातात राहीना, म्हणून मीच ओठांना लावला.

गोळी काही लगेच काम करत नाही. ती स्टुलावर बसून, मी शेजारी उभी. गिऱ्हाईक आलं की मी औषध द्यायची आणि पुन्हा तिच्या हाताकडे बघायची. झटके एकदा कोपरापर्यंत गेले. मी जमिनीवर पुठ्ठा अंथरला, जवळच्या बाटल्या हलवल्या, आणि रिक्षा थांबवून ठेवा असं अण्णांना सांगितलं. त्यांनी मागे न बघता एक रिक्षा थांबवली. बसेस सुटल्या, रस्ता गाड्यांनी आणि हॉर्ननी भरून गेला. त्या गोंगाटात केव्हातरी तिचं मनगट थांबलं. मग फक्त अंगठा राहिला. मग तोही. ती भिंतीला डोकं टेकवून झोपून गेली.

जाग आल्यावर तिनं दुकानातल्या फोनवरून सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला बोलावलं, आणि थांबवलेल्या रिक्षातून त्या दोघी गेल्या. अण्णा आत आले, गल्ला बंद केला.

काही आठवड्यांनी ड्रग इन्स्पेक्टर आले. चौकातल्या प्रकारानंतर ते सगळ्याच दुकानांत फिरत होते. पन्नाशीचे, पुण्याच्या पेठेतले असावेत. शब्द मोजून टाकायचे. आल्या आल्या त्यांनी मान वर करून पाटी वाचली.

"हा कायदा कधी झाला?"

"आमी मेडिकलवाल्यांनी ठरवलं, साहेब," अण्णा म्हणाले.

"अरे वा. टपरीवर विधानसभा भरते का आपल्याकडे?"

मग त्यांनी कुलपातल्या औषधांचा हिशेब मागितला आणि कटकच्या कागदाच्या प्रतीवर बोट ठेवलं. "एकीकडे पाटी आणि एकीकडे हे. दिलं कोणी?"

मी तोंड उघडलं, पण अण्णा आधी बोलले. "माझ्या सांगन्यावरनं दिलं, साहेब. पोरीचा हात उडत हुता. मॅडमनी फोन करून समदी खातरी केली. जे काय असंल ते माझ्यावर लिवा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

इन्स्पेक्टरांनी कागद उजेडात धरून सावकाश वाचला. फोनचं सगळं मला विचारलं, दोनदा विचारलं, मध्येच उलटसुलट प्रश्न टाकले. शेवटी म्हणाले, "डॉक्टर नोंदणीकृत असावा असं कायदा म्हणतो. तो शेजारी राहणारा असावा असं म्हणत नाही. पण बाई, या चिठ्ठीवर रुग्णाचा पत्ता कुठे आहे?"

पत्ता नव्हता. डॉक्टरांनी लिहिला नव्हता आणि गडबडीत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्याबद्दल त्यांनी लेखी समज दिली, आणि फ्रिजमध्ये थर्मामीटर नाही म्हणून आणखी एक. उत्तर लिहून द्यावं लागलं. लायसन मात्र बचावलं. जाताना ते पाटीखाली थांबून म्हणाले, "कागदावर संशय आला तर खुशाल नाही म्हणा. नकाशा बघून नाही म्हणू नका."

अण्णांनी संध्याकाळी पाटी काढली. "तुम्ही स्वतःचं नाव का पुढं केलंत?" असं मी विचारलं तर म्हणाले, "माणसांचं मी बघतो म्हनलं हुतं," आणि टँकरवाल्या भावाला फोन लावून भलत्याच विषयावर बोलायला लागले.

ती मुलगी दिवाळीच्या सुमारास पुन्हा आली, आईला घेऊन. आता तिच्याकडे इथल्या मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. आईला ओडियाशिवाय दुसरी भाषा नव्हती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिली. मुलीनं भाषांतर केलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

पाटी निघाल्यावर बाहेरच्या चिठ्ठ्या पुन्हा येऊ लागल्या, आणि प्रत्येक वेळी ठरवायचं काम माझ्यावर आलं. पुढच्याच महिन्यात एक माणूस त्याच वर्गातलं औषध मागायला आला. कागद छापील, स्वच्छ, पत्त्यासकट सगळं जागच्या जागी. मी हॉस्पिटलचा नंबर काढून फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तो घड्याळाकडे बघत होता. शेवटी मी नाही म्हणाले. त्यानं माझ्यावर आवाज चढवला, तुमच्यामुळे माझ्या बापाला काही झालं तर, असं काहीतरी म्हणाला, आणि कागद हिसकावून निघून गेला. अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. त्याच्या घरी खरंच आजारी बाप होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.