मधल्या माणसाचा आवाज

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी आसेगावच्या आमच्या अंगणात पाहुणे मावत नव्हते, आणि मी मांडवाच्या कोपऱ्यात लॅपटॉपपुढे घामाघूम उभी होते. ढोलकी वाजत होती, पेटी वाजत होती, झांजही वाजत होती. गाणारे बाबा तेवढे नव्हते.

अगदीच नव्हते असंही नाही. जिवाचा कान करून ऐकलं, की विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं काहीतरी उमटायचं आणि विरून जायचं. भाड्याने आणलेला तो माणसाएवढा काळा बॉक्स बाकी सगळं इमानदारीने वाजवत होता.

माझे बाबा दिवसा शेतात राबायचे आणि संध्याकाळी गायनपार्टीत गायचे. त्यांची एकच कॅसेट होती, आमच्याच ओसरीत भरलेली. तेव्हा घरात दोन कानांसारखे दोन माईक असलेला टेपरेकॉर्डर होता. तो मधोमध ठेवून समोर बाबा, एका बाजूला ढोलकीवाले काका, दुसऱ्या बाजूला पेटीवाले मामा आणि झांजवाला, अशी बैठक. बटण दाबायचं काम मायचं. बाबा आजारी पडले तेव्हा मी ते गाणं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं, आणि त्याच दिवशी जुन्या प्लेअरने कॅसेटची फीत चावून टाकली. म्हणजे बाबांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्याजवळ.

मी वाशिमला संगणक शिकवते, त्यामुळे मला जरा जास्तच हौस. रोज थोडं थोडं बसून मी ते गाणं साफ केलं. खरखर काढली, खोकला काढला, सुरुवातीचा गलका नीट न ऐकताच कापून टाकला. मूळ उतारा मात्र वेगळा ठेवला, तेही सवयीने.

मायने वर्षभर एकदाही ते ऐकलं नव्हतं. मी दोनदा फोनवर विचारलं, लावू का म्हणून. "एकटीनं नाही ऐकत मी," ती म्हणाली. "वर्षाच्या दिवशी लावजो, सगळ्याईच्या मंधात." मग तिने येईल जाईल त्याला सांगायला सुरुवात केली. केनवडची मावशी तर फक्त गाण्यासाठी म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती.

त्यात वेळ कमी. वंदना झाली होती, पंचशील झालं होतं, तसबिरींपुढच्या मेणबत्त्या अर्ध्या झाल्या होत्या. भन्तेजी दुपारनंतर अन्नाला हात लावत नाहीत, म्हणून सूर्य डोक्यावर यायच्या आत त्यांचं भोजन उरकायला हवं होतं. ठरलं होतं असं की आधी बाबांचं गाणं, मग भोजनदान. भन्तेजी शांत बसून होते, पण वाढणाऱ्या बाया पातेल्यांजवळून माझ्याकडे रागाने पाहत होत्या, आणि मला त्या रागाचा त्याहून जास्त राग येत होता.

"ताई, आपला सेट एकदम ओके हाय," माईकसेटवाला म्हणाला. "कालच्या लग्नात पब्लिक नाचून नाचून थकली."

"काल कशावर लावलं होतं?"

"पेनड्राइव्हवर. तो बी नवरदेवाच्या दोस्ताईनं पळवला. तुमच्या डब्यातच काही गडबड असन."

डबा म्हणजे माझा लॅपटॉप. मी दात आवळून कामाला लागले. आवाज कमी केला, वाढवला. आवाज खुलवणाऱ्या साऱ्या करामती बंद केल्या. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तेवढ्यात बॉक्समधून असा काही फटाका फुटला की पहिल्या रांगेतली लेकरं दचकून रडायला लागली. मागून कोणी तरी म्हणालं, "मोबाईलवर लावा न बाप्पा!" मोबाईलमध्ये ते नव्हतं. मी तसं जरा जोरातच सांगितलं.

मग दादा आला. माझा मोठा भाऊ चारचौघांत कधी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. तो वाकून माझ्या कानाशी बोलला.

"तू साफ करता करता बाबालेच पुसलं काय व?"

 मलाही तेच वाटायला लागलं होतं. खरखर आणि आवाज वेगळे करताना माझ्या हातून माणूसच निघून गेला असेल तर? कॅसेट तर आता नाहीच.  घाईघाईने मूळ उतारा शोधला, हात न लावलेला, आणि तो अर्ध्यातूनच लावला.

ढोलकी. पेटी. झांज. बाबा नाहीत.

पहिल्यांदा बरं वाटलं, की हे माझं पाप नाही. दुसऱ्याच क्षणी वाटलं, की मग मूळच खराब झालं. दादाने कपाळावरून हात फिरवला आणि तो मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. मी बॉक्सची पिन उपसली आणि माझ्या हेडफोनची खोचली. कानात घातला.

बाबा गात होते. ठणठणीत, छाती भरून, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते जरासं हसायचे त्या हसण्यासकट.

"हाय, हाय, दादा हाय!" मी ओरडले. हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्याचे डोळे भरले. मग हेडफोन काढून पुन्हा बॉक्सची पिन लावली, आणि बाबा परत गेले. म्हणजे ते लॅपटॉपमध्ये होते, फक्त वाटेत कुठं तरी हरवत होते. मी वायरकडे बोट दाखवलं.

"वायर नवी हाय ताई, म्या सोता बनवली," माईकसेटवाला दुखावून म्हणाला. "कायले वायरले नाव ठेवता?"

आमची ही हुज्जत चालू असतानाच माय उठली. पांढऱ्या लुगड्यातली माझी माय सगळ्या पाहुण्यांमधून वाट काढत आली. मला वाटलं, आता ही म्हणेल, राहू दे, जेवायला वाढा. तसं ती म्हणाली असती तर मी तिथंच मोठ्याने रडले असते. ती बॉक्सला कान लावून उभी राहिली. चुकलेलं लेकरू शोधावं तशी ती ऐकत होती.

"हे ढोलकीवाले भाऊजी," ती उजवीकडे हात करून म्हणाली. मग डावीकडे. "हा माहा भाऊ, पेटीवर. दोघंही हायेत." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मंधात बसलेलेच कसे गेले व?"

तिला कारण नको होतं, ती तक्रार करत होती. पण माझ्या डोक्यात त्या शब्दांनी लख्ख उजेड पडला. मधला! नेमका मधलाच जातोय!

मी वायरीचं दुसरं टोक हाताने चाचपत गेले. ते बॉक्सच्या पाठीवर, माईक लावायच्या छिद्रात खोचलेलं होतं. त्या छिद्राची खोड मला पुस्तकात वाचून माहीत होती, आठवली मात्र आता. दोन तारांवरून जे एकसारखं येतं त्याला ते गोंगाट समजतं आणि टाकून देतं. आमच्या वायरीच्या एका तारेवरून डावी बाजू जात होती, दुसरीवरून उजवी; ढोलकी एका बाजूची, पेटी आणि झांज दुसऱ्या बाजूची, म्हणून ती वाचली. बाबा मधोमध बसले होते, दोन्ही माईकना सारखेच आले होते, म्हणून कचऱ्यात गेले.

दुसरी वायर कोणाकडेच नव्हती. मी लॅपटॉपमधली पिन धरली आणि हळूच अर्धी बाहेर ओढली. अशाने दोनातली एकच बाजू पुढे जाते. खर्र झालं. अजून केसभर ओढली. आणि अंगणभर बाबांचा आवाज भरला.

वाढणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. केनवडच्या मावशीने तोंडाला पदर लावला. मी पिन सोडली की आवाज जायचा, म्हणून दोन्ही हातांनी ती धरून बसले. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

"पयल्यापासून लाव," मी दादाला सांगितलं. त्याने लावलं, आणि माझ्या लक्षात आलं की घाईत उघडलेला तो मूळ उताराच होता. साफ केलेला नव्हे. खरखर सुरू झाली, कोंबड्या ओरडल्या, बाबा खोकले. "दादा, हा नाही, दुसरा लाव," मी दबक्या आवाजात म्हणाले. मला लाज वाटत होती, एवढ्या लोकांपुढे हा गलका. दादाने बोट पुढे केलं आणि तसंच थांबवलं, कारण बॉक्समधून एक बाई बोलली होती. कोवळा, ठसक्याचा आवाज.

"लागलं. लाल दिवा पेटला. गा आता."

ती माय होती. मी कापून टाकलेला तो गलका म्हणजे माय होती.

"तू कुठं चालली?" बाबांनी विचारलं.

"चहाचं पाहू द्या न."

"राहू दे चहा. सकाळपासून उभीच हायेस. बस न इथं, माह्याजवळ."

अंगणात कोणी हललं नाही. माय अजून बॉक्सला कान लावून उभी होती. तिने लुगडं सावरलं, आणि तिथंच, बॉक्सला टेकून, खाली मातीवर बसली. मग बाबांनी गायला सुरुवात केली.