पार्बताबाईंमार्फत

कुटुंबातले नातेसंबंध शिकवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम अकोल्यात चालतो आणि मी तिथे शिकवते. तो पूर्ण केलेल्यांना सल्ला केंद्रात मदतनिसाची नोकरी लागू शकते. घरी मात्र चहा झाल्याचं मी नवऱ्याला कप आदळून कळवते, तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

गीतांजली बाळापूरहून एसटीनं यायची. वय अडतीस, आवाज खणखणीत. सासरे शालिकराम नदीकाठच्या वावरात मेथी आणि सांभार पिकवतात. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. नवरा योगेश ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, इथे का आलात? बाकीच्या समाजाची सेवा वगैरे बोलल्या. ही म्हणाली, आमच्या गल्लीतली भांडणं मीच सोडवते, आता त्याचा पगार मिळाला तर बरं. मला ती तेव्हाच आवडली.

दिवाळीनंतर मी घरचा नकाशा काढायला सांगितला. प्रत्येक माणसाचा एक गोल, आणि जे एकमेकांशी सरळ बोलतात त्यांच्यामध्ये रेघ. गीतांजलीच्या कागदावर तिच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये रेघच नव्हती. विसरली असेल म्हणून मी लाल पेनानं खूण केली, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासऱ्यांशी ती एक शब्द बोललेली नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, एवढंच. जे सांगायचं ते सासूबाईंना, पार्बताबाईंना सांगायचं. त्या पुढे पोचवायच्या. दोघं एका खोलीत असली तरी शालिकराम भिंतीकडे बघून म्हणायचे, चहा होते का? मग पार्बताबाई मान वळवून तेच वाक्य सुनेला सांगायच्या.

मी चिडले. उद्या केंद्रात बसून लोकांना सरळ बोला म्हणून सांगशील ती तूच ना, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लोकांना सांगणं सोपं असतं मॅडम. कप आठवून मी विषय बदलला.

मार्चमध्ये निकाल लागला. गीतांजली वर्गात पहिली आली आणि अकोल्यातल्या एका केंद्रानं तिला लगेच बोलावलं. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. योगेशनं फोनवरून सांगितलं, बाबा हो म्हणाले तर जा. गुरुवारी ती उतरलेल्या चेहऱ्यानं आली. मामाजी, म्हणजे सासरे, नाही म्हणाले होते. तुला कोणी सांगितलं, मी विचारलं. आईनं, ती म्हणाली, म्हणजे पार्बताबाईंनी. मी कपाटातून तिचा नकाशा काढला आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिनं कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी चाला माह्यासंग. माही एकटीची हिंमत नाई होत."

बाळापूरला पोचलो तेव्हा शालिकराम अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. पार्बताबाईंनी मला पाणी दिलं आणि त्याही मदतीला बसल्या. गीतांजली डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली. दोनदा खाकरली.

"मामाजी, मी अकोल्याले नोकरीवर जाऊ का?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. सवयीनं त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती आता हेच वाक्य सांगेल म्हणून. पार्बताबाई खाली मान घालून जुडी बांधत राहिल्या. शेवटी शालिकराम मेथीच्या ढिगाला म्हणाले, "कोनती नोकरी? मले तं कोनं काई सांगतलंच नाई."

मला असा संताप आला की अख्खं भाषण जिभेवर तयार झालं. पण पार्बताबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी कबूल केलं, विचारलंच नव्हतं. ही गेल्यावर घर खायला उठेल, दिवसभर बोलायचं कोणाशी, या धास्तीनं नाही म्हणून टाकलं होतं. शालिकराम उठले, हात झटकले आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा सुनेकडे बघून बोलले.

"जाय तू सोमवारी. मी देतो नं स्टँडवर सोडून."

गीतांजलीचा चेहरा असा फुलला की मलाही हसू आवरेना. पण ती तशीच सासूजवळ जाऊन बसली. समजूत काढू लागली, की रोज संध्याकाळी आल्यावर केंद्रात काय काय झालं ते सगळं तुम्हाला सांगत जाईन. बोलता बोलता अडखळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. केंद्रात ऐकलेलं केंद्रातच ठेवायचं, हा आमचा पहिला धडा. बिचारीनं तेही सासूला सांगितलं.

पार्बताबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्याकडे बोट केलं. "लोकायचं नको सांगू. तुह्यं सांगत जाय. सतरा वर्सं तू मले यायलेच काय सांगाचं ते सांगून राहिली. माह्यासाठी काईच नाई सांगतलं कधी."

गीतांजलीनं समोरची मेथी ओढून घेतली, दोन काड्या निवडल्या आणि खाली बघतच म्हणाली, "आई, मले सोमवारचं लय भेव वाटून राह्यलं."

पार्बताबाई तिच्याजवळ सरकल्या.