घट्ट झाकणाखालची उपासमार

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठ्या असलेल्या प्रमुख बाईसुद्धा. झाडाच्या शेंड्याचा कणभर तुकडा काढून त्यापासून बाटलीत रोप वाढवायचे, हे तिथले काम. त्यात ताईकडे रोपांचे खाद्य शिजवणे आणि बाटल्या बंद करणे ही दोन कामे होती. बाटलीतल्या रोपाला माती नसते. जेलीत विरघळवलेली साखर आणि नत्र, स्फुरद, लोह, कॅल्शियम असे क्षार, एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

संत्र्याचे झाड मात्र ती प्रयोगशाळेत येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होती. वडिलांची संत्र्याची रोपवाटिका होती. तिथेच ती आणि धाकटा भाऊ वाढले. ती शिकून नोकरीला लागली, भावाने रोपवाटिका सांभाळली. मग झाडांना आतून पोखरणारा रोग आला आणि बाधित झाडे तोडून जाळण्याचा हुकूम निघाला. वडिलांनी आयुष्यभर निवडून तयार केलेल्या वाणाचे शेवटचे झाड भाऊ तोडू देईना. कुऱ्हाडीसमोर उभा राहिला. तेव्हा ताईने त्याला बाजूला घेतले.

"याचे शेंडे मी बाटलीत नेलेत. रोग काढून टाकलाय. तू तोड."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

भावाने झाड स्वतःच्या हाताने तोडले. त्या दिवसापासून वडिलांचा वाण या जगात फक्त ताईच्या फळीवर होता.

आणि आता तो मरत होता.

खालची पाने हिरवीगार, पण शेंडा काळा पडून गळत होता. बाईंनी पाहताच सांगितले, "कॅल्शियम कमी पडतंय. जुन्या पानातलं कॅल्शियम नव्या पानाला मिळत नाही. त्याला ताजंच लागतं." ताईने कॅल्शियम वाढवले. शेंडे काळेच. आणखी वाढवले, तेव्हा बुडखेच करपू लागले. नव्या जेलीत हलवलेली रोपेही त्याच वाटेने गेली. ताईची झोप उडाली. भावाचा फोन वाजला की ती हात धुण्याच्या निमित्ताने उठून जाई.

बाटल्या धुणारा माणूस थट्टेखोर होता. एक दिवस ट्रे उचलताना म्हणाला, "ताई, तुमच्या बाटलीत बुरशीला शिरायचं तर आधी अर्ज करावा लागेल. केवढं गुंडाळलंय हे!"

"गुंडाळलंय म्हणून टिकलंय. मागच्या खेपेची कितीतरी रोपं बुरशीनं खाल्ली, विसरलात?"

खोलीच्या छताला ओल होती, हवेत बुरशी होती. म्हणून ताई प्रत्येक झाकणाभोवती प्लास्टिकची पट्टी दुहेरी, ताणून गुंडाळत असे. आपल्या फळीवर बुरशीचा ठिपका नाही, याचा तिला अभिमान होता.

बाईंनी एक बाटली उजेडात धरली. काच आतून दवाने डबडबली होती. मग त्यांनी झाकणाभोवतीची पट्टी नखाने उचकटून पाहिली.

"ताई, पट्टी दुहेरी कधीपासून?"

"बुरशी आली तेव्हापासून."

"आत हवा हलतच नाही. पानातून पाणी उडालं तर रोप खालून पाणी ओढणार, आणि त्या पाण्याबरोबर कॅल्शियम शेंड्याला पोचणार. इथे पाणी उडायला जागाच नाही. तुम्ही कितीही घाला, ते जेलीतच राहणार."

ताईने बाटली त्यांच्या हातातून घेतली. अन्न तिनेच वाढले होते आणि घासही तिनेच अडवला होता. निष्काळजीपणाने चूक झाली असती तर माणूस निदान स्वतःला शिव्या देऊन मोकळा होतो. तळहाताच्या फोडासारखे जपून जे मारले, त्यासाठी स्वतःला शिवी कोणती द्यायची?

उपाय साधा होता: झाकणे काढून कापसाचे बोळे बसवायचे. पण कापसातून हवा जाते, तशी दमट खोलीत बुरशीही कधीतरी उतरते. थोड्या बाटल्यांवर करून पाहायला वेळ उरला नव्हता. शेंडे रोज गळत होते. बाई म्हणाल्या, "निर्णय तुमचा. घरचं झाड आहे." ताईने सगळ्या बाटल्या उघडून बोळे बसवले.

काचा कोरड्या झाल्या. पाठोपाठ जेलीवर पांढरी लव दिसू लागली. रोज सकाळी ती ट्रे भरून बाटल्या फेकायला काढत होती.

भाऊ न कळवताच आला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"फोन का घेत नाहीस?"

"मी बाटल्यांना फार घट्ट झाकलं. त्यानंच रोपं मेली. आता उघडलंय, तर बुरशी खातेय."

भाऊ भिंतीला टेकला. "म्हणजे मी उगाच तोडलं?"

तिने मान खाली घातली. "झाड रोगटच होतं रे," एवढेच म्हणाली आणि तेही तिला बचाव केल्यासारखे वाटले.

"हिरवं काहीच नाही?"

"एका बाटलीत आहे. शेंडा गेलाय, पण पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा कोंब आलाय. जेलीच्या कडेला बुरशी लागलीये. आत्ता कापून नव्या बाटलीत नेला तर... कापताना बुरशीचा कण लागला तर तोही गेला."

"मग काप ना."

"तू बघत असलास तर हात नीट चालणार नाही माझा."

"मग मी जाऊ?"

"नको. पण आत येऊ नकोस. काही बोलूही नकोस."

भाऊ व्हरांड्यातल्या बाकावर बसला. ताईने कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला फडके बांधले, पाते ज्योतीवर धरले आणि ते निवेपर्यंत थांबली. मग तिने बोळा काढला. लव काल होती त्याहून आत सरकली होती. कोंब आणि लव यांच्यात पात्याच्या रुंदीएवढेच अंतर उरले होते. तिने पाते आत घातले.