रोवणीत गेलेला अंगठा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची फी शिष्यवृत्तीतून जायची होती. बसचा पास, पुस्तकं आणि मेस मात्र माझ्या दोन हातांवर. म्हणून कॉलेज सुरू होऊनही मी आईबरोबर धानाच्या रोवणीला जात होते. आमच्या गोंडपिपरीकडे बायका टोळीने रोवणीचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतात आणि मजुरी सगळ्यांत सारखी वाटतात. बारा जणींत मी सगळ्यात लहान, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात हळू.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सेवा केंद्रात गेले, तर मशीन माझा अंगठा घेईना. दहाही बोटं लावून पाहिली. तीन आठवडे चिखलात रोपं खोचून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. फॉर्मला सहा दिवस उरलेले. फॉर्म गेला की फी गेली, आणि फी गेली की कॉलेज.

"पाचसहा दिवस हात कोरडे ठेवा, येतील रेषा," केंद्रवाला म्हणाला. मी तणतणतच घरी आले. शिकण्यासाठी जे काम धरलं, तेच माझ्या शिक्षणाच्या मुळावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाऊन मी टोळीतल्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं, की मी आता घरी राहते, माझा वाटा धरू नका.

ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "घरी काऊन? धुऱ्यावर बस अन् लेकरं सांभाळ. तुयी पात आमी काढू. वाटा तुले भेटंल."

"माया अंगठा बी येत नाई," एक काकू कुरकुरली. "मी बी बसू का मंग?"

सगळ्या हसल्या. काकूही हसली.

पाच दिवस मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून चार लेकरं खेळवली आणि हातांना मोहाच्या बियांचं तेल चोळलं. समोर अकरा जणी माझी पात काढत होत्या. मला फार लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी दुसऱ्याच प्रयत्नात मशीनने अंगठा घेतला. मी तिथेच रडले. मग तडक बांधीवर आले.

काकूने माझा अंगठा धरून उजेडात निरखला. शेजारी स्वतःचा ठेवला. तिच्या अंगठ्यावर एकही रेष नव्हती. रेशनच्या दुकानात कितीतरी वर्षं सूनच तिच्यासाठी अंगठा लावते, असं ती म्हणाली.

"तुया जपून ठेव," म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि तिच्या शेजारची पात धरली.